हवा पालटली की सांधे धरतात, ते खरं किती?

हवामानाचा आणि सांधेदुखीचा संबंध आहे का, या प्रश्नाला गेल्या साठ-सत्तर वर्षांत संशोधकांनी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘थोडासा’ अशी तिन्ही उत्तरं दिली आहेत. रुग्णांचं उत्तर मात्र एकच आहे. आभाळ भरून आलं की गुडघे ठणकतात, गारठा पडला की बोटं आखडतात, हे ते अगदी ठामपणे सांगतात. जर्मनी, इटली, नेदरलँड्स, स्पेन, स्वीडन आणि ब्रिटन या सहा देशांतल्या, सांध्यांची झीज झालेल्या वयस्कर माणसांना एका अभ्यासात हे विचारलं गेलं. त्यांतल्या ६७ टक्के लोकांनी हवेचा आपल्या दुखण्यावर परिणाम होतो असं सांगितलं. त्यातही थंडीने काकडणाऱ्या उत्तरेपेक्षा उबदार दक्षिणेतली माणसं हे जास्त सांगत होती.

तीन माणसांमागे दोघांचा अनुभव ‘मनाचे खेळ’ म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. तो जसाच्या तसा खरा धरणंही पटत नाही, कारण त्यात रुग्णांचं नुकसान होताना दिसतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

हा समज जुना आहे आणि जगभर आहे. आपल्याकडे ऋतुचर्या सांगताना वाग्भटाने अष्टांगहृदयात वाताचा संचय ग्रीष्मात, प्रकोप वर्षा ऋतूत आणि शमन शरदात होतं असं मांडलं. आमवाताचं स्वतंत्र वर्णन माधवनिदानात येतं. आजही पावसाळ्यात निर्गुडीचा पाला शेकायला काढणाऱ्या आजीच्या मागे ही परंपरा आहे. पाश्चात्त्य वैद्यकात पहिली चिकाटीची नोंद अमेरिकेतल्या सायलस वेअर मिचेल या मज्जाविकारतज्ज्ञाने १८७७ साली छापली. यादवी युद्धात पाय गमावलेला कॅटलिन नावाचा कॅप्टन आपल्या थोट्या पायातल्या कळा आणि त्या-त्या दिवसाची हवा वर्षानुवर्षं लिहून ठेवत होता. वादळ येण्याआधी कळा येतात, पाऊस पडायला लागण्यापूर्वीच येतात, असं त्या नोंदींतून दिसलं. ते दुखणं संधिवाताचं नव्हतं, आणि एका माणसाच्या नोंदींवरून सिद्ध असं काहीच होत नाही. पण ‘दुखण्याची आणि हवेची रोज वेगवेगळी नोंद करून मग ताडून पाहा’ ही पद्धत तिथे सापडते, आणि आजही हीच पद्धत वापरली जाते.

विसाव्या शतकाच्या मध्याला दुसरी वाट निघाली. हवा बदलण्याची वाट पाहण्यापेक्षा बंद खोलीतली हवाच बदलून पाहावी, ही ती कल्पना. फिलाडेल्फियात जोसेफ हॉलंडर यांनी १९६० च्या सुमारास अशी खोली उभी केली. तापमान, दमटपणा, हवेचा दाब, सगळं बाहेरून वर-खाली करता येई आणि रुग्ण त्या खोलीत राहत. नुसता दमटपणा वाढवला तर फारसं काही होत नसे, नुसता दाब उतरवला तरी होत नसे. दमटपणा चढता आणि दाब उतरता असं एकत्र केलं की बऱ्याच जणांचे सांधे जास्त धरत. पावसाची चाहूल लागते तेव्हा हवा नेमकी अशीच असते. हा प्रयोग आजही आवर्जून सांगितला जातो. मात्र त्यातले रुग्ण डझनभरच होते, हे त्यासोबत सांगायला हवं.

मग १९९६ साली या समजावर सर्वांत मोठा घाव बसला. टोरंटोचे डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्वर्स्की यांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या १८ रुग्णांच्या १५ महिन्यांच्या नोंदी घेतल्या आणि त्या स्थानिक हवामानाशी ताडून पाहिल्या. हवा आणि दुखणं यांचा संबंध दिसला नाही. बहुतेक रुग्णांना मात्र तो असल्याची खात्री होती. त्याहून महत्त्वाचा भाग पुढचा. त्यांनी ९७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आकड्यांच्या जोड्या दाखवल्या. एक रांग दुखण्याची, एक हवेच्या दाबाची, आणि दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरीही बऱ्याच विद्यार्थ्यांना त्यांत संबंध दिसला. माणसाचं मन जुळलेले प्रसंग धरून ठेवतं आणि न जुळलेले सोडून देतं. ढग आले आणि गुडघा दुखला, हे वर्षभर लक्षात राहतं. ढग आले आणि गुडघा गप्प राहिला, ऊन होतं आणि गुडघा दुखला, हे संध्याकाळपर्यंतही लक्षात राहत नाही.

मला हा निबंध फार मोलाचा वाटतो. पण त्याचा वापर अनेकदा चुकीचा होतो. माणसं नसलेला संबंध पाहू शकतात, हे त्याने दाखवलं. संबंध नाहीच, हे १८ रुग्णांवरून ठरत नाही. परिणाम लहान असेल किंवा काही जणांपुरताच असेल, तर इतक्या थोड्या लोकांत तो सापडणारच नाही.

म्हणूनच पुढचे अभ्यास आकाराने वाढत गेले. अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात दीडशे संधिवाताच्या रुग्णांनी वर्षभर रोजच्या नोंदी ठेवल्या आणि थंडी व दमटपणाशी काही संबंध दिसले. अमेरिकेत गुडघ्याची झीज झालेल्या २०० जणांच्या नोंदींत तापमान उतरल्यावर दुखणं वाढलेलं दिसलं, पण हवेचा दाब मात्र उतरल्यावर नव्हे, चढल्यावर त्रास देत होता. हॉलंडरच्या नेमकं उलट. नेदरलँड्समध्ये खुब्याच्या झिजेच्या २२२ रुग्णांना दोन वर्षं तपासलं, तेव्हा दमटपणा दहा टक्क्यांनी वाढल्यावर दुखणं शंभराच्या मोजपट्टीवर एका गुणाने वाढलं. संबंध होता, पण एका गुणाचा फरक कोणत्याही रुग्णाला जाणवत नाही. २०२० साली अशा ४३ अभ्यासांची छाननी झाली. सुमारे दोनतृतीयांश अभ्यासांत कोणता ना कोणता संबंध निघाला होता, पण कोणत्या घटकाशी आणि कोणत्या दिशेने, याबाबत एकवाक्यता नव्हती.

या सगळ्यांत मला सर्वांत जपून केलेला वाटतो तो मँचेस्टर विद्यापीठाच्या विल डिक्सन यांचा अभ्यास. २०१६ च्या जानेवारीत त्यांनी ब्रिटनभरच्या दीर्घकाळ दुखणं असलेल्या लोकांसाठी मोबाइल ॲप सुरू केलं. १३ हजारांहून अधिक लोकांनी ते घेतलं आणि त्यांतल्या २,६५८ जणांनी महिनोन्महिने नेमाने नोंदी केल्या. रोज दुखणं किती, मन कसं आहे, व्यायाम किती झाला, घराबाहेर किती वेळ होतात, असे मोजके प्रश्न. माणूस कुठे आहे हे फोनच कळवायचा आणि जवळच्या हवामान केंद्रातून त्या ठिकाणची हवा आपोआप नोंदली जायची, त्यामुळे आभाळ पाहून आकडा लिहिण्याचा धोका कमी झाला. तुलना एका माणसाची दुसऱ्याशी केली नाही. त्याच माणसाचा जास्त दुखलेला दिवस त्याच महिन्यातल्या त्याच्याच बऱ्या दिवसांशी ताडला. म्हणजे वय, वजन, औषधं, स्वभाव हे सगळे फरक आपसूक बाजूला पडले.

२०१९ साली निकाल छापले गेले. दमटपणा जास्त, हवेचा दाब कमी आणि वारा जोराचा असेल त्या दिवशी दुखणं वाढण्याची शक्यता अधिक होती, आणि तिघांत दमटपणाचा वाटा मोठा होता. पावसाचा स्वतःचा वेगळा संबंध निघाला नाही. नुसत्या तापमानाचाही नाही. मनःस्थिती आणि हालचाल हिशेबात धरली तरी निष्कर्ष टिकला. आता परिणामाचा आकार बघा. नेहमीच्या हवेत दुखण्याच्या दिवसाची शक्यता शंभरात ५ असेल, तर सर्वांत वाईट हवेत ती ६ होते. बातम्यांत हे ‘२० टक्के वाढ’ असं आलं आणि तेही खरंच आहे. पण गुडघा धरून बसलेल्या माणसाला शंभरात ५ चे ६ झाले हे सांगणं जास्त प्रामाणिकपणाचं आहे.

यात एक मुद्दा सहज निसटतो. ही सरासरी आहे. शंभरातल्या सत्तरांना हवेने काहीच फरक पडत नसेल आणि तिसांना बराच पडत असेल, तरी सरासरी लहानच येईल. म्हणून एखादी बाई ‘मला फरक पडतो’ म्हणते तेव्हा सरासरीचा कागद तिच्यासमोर धरून तिला गप्प करणं चूक आहे.

‘नाही’ म्हणणारे अभ्यासही वजनदार आहेत. सिडनीत कंबरदुखी नव्याने उद्भवलेल्या ९९३ रुग्णांवर अशाच पद्धतीचा अभ्यास झाला. तापमान, आर्द्रता, दाब, पाऊस, कशाशीच संबंध निघाला नाही. अमेरिकेत अनुपम जेना यांनी वयोवृद्धांच्या सरकारी विम्याच्या १ कोटी १६ लाखांहून अधिक दवाखाना-भेटी तपासल्या. सांधे किंवा पाठ दुखते अशी तक्रार पावसाच्या दिवशी ६.३५ टक्के भेटींत होती, कोरड्या दिवशी ६.३९ टक्के. हा आकडा २०१७ साली खूप गाजला. मला मात्र तो या प्रश्नाला लागू पडतो असं वाटत नाही. तिथे डॉक्टरांची वेळ आधीच घेतलेली असते, आज गुडघा दुखला म्हणून आजच कुणी जात नाही. शिवाय मोजला होता पाऊस, आणि खुद्द मँचेस्टरच्या नोंदींतही पावसाचा संबंध नव्हताच. २०२४ साली सिडनीच्याच मॅन्युएला फरेरा आणि सहकाऱ्यांनी ११ अभ्यासांतल्या १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. गुडघा, खुबा, कंबर, ऱ्हुमॅटॉइड, कशावरही हवेचा ठोस परिणाम त्यांना दिसला नाही.

अपवाद एकच होता, गाऊटचा. हवा तापलेली आणि कोरडी असली की गाऊट उसळण्याची शक्यता दुप्पट होत होती. इथे कारणही समजण्यासारखं आहे. घामाने शरीरातलं पाणी कमी होतं, रक्तातलं युरिक ॲसिड दाट होतं आणि त्याचे स्फटिक सांध्यात साचतात. विदर्भातला मे महिना अगदी या वर्णनाचा असतो. अंगठ्याचा सांधा लाल होऊन सुजणाऱ्या माणसाने चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाण्याकडे लक्ष द्यावं, हा सल्ला त्यामुळे पक्क्या पायावर उभा आहे. पण ‘हवा आणि सांधे’ म्हटल्यावर उन्हाळा कुणाच्या मनातच येत नाही.

मग मँचेस्टर खरं की सिडनी? माझ्या मते दोघांचे प्रश्न वेगळे होते. सिडनीचा भर दुखणं नव्याने उसळण्यावर, दवाखाना गाठण्याची वेळ येण्यावर होता. मँचेस्टरने रोजच्या दुखण्याची पातळी जराशी वर-खाली होते का ते पाहिलं. हवेने सांधा आणखी झिजतो किंवा रोग बळावतो, असं यांतला एकही अभ्यास म्हणत नाही. काही जणांना काही दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं, एवढंच हाती लागतं.

का जाणवावं, याची स्पष्टीकरणं बरीच आहेत. थंडीत सांध्यातलं वंगण जरा दाट होतं, स्नायू आखडतात, हातापायांचा रक्तपुरवठा कमी होतो. सकाळच्या गार पाण्याने धुणीभांडी करणाऱ्या बाईची बोटं धरतात ती यामुळे, आणि ही गोष्ट कोमट पाण्याने पुष्कळ हलकी होते. हवेच्या दाबाचं स्पष्टीकरण सर्वांत लोकप्रिय आहे. बाहेरचा दाब उतरला की सुजलेल्या सांध्याभोवतीचे पेशीजाल किंचित फुगतात आणि नसांवर ताण येतो, असं त्यात म्हणतात. जपानमधल्या जुन सातो यांनी उंदरांवर प्रयोग करून दाब सुमारे २७ हेक्टापास्कलने उतरवला, तेव्हा नस दुखावलेल्या उंदरांचं दुखणं वाढलं. अंतर्कर्ण निकामी केल्यावर मात्र हा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे दाब ओळखणारा भाग सांध्यात नसून कानात असावा, अशी ही दिशा आहे.

दाबाच्या कल्पनेबद्दल मला एक शंका कायम वाटत आली आहे, आणि ती तपासायला पुण्या-मुंबईसारखी जागा नाही. मुंबईत जानेवारी आणि जुलै यांच्या सरासरी दाबात फरक असतो दहाच्या आसपास हेक्टापास्कलचा. चाळीस मजली इमारतीत लिफ्टने वर गेलं की मिनिटभरात त्याहून जास्त फरक पडतो. कर्जतहून गाडी बोरघाट चढून लोणावळ्याला पोचते, तेवढ्यात दाब साठेक हेक्टापास्कलने उतरलेला असतो. पावसाळ्याचं अख्खं आभाळ करत नाही ते खंडाळ्याचा घाट तासाभराच्या आत करतो. दाब हाच खलनायक असता तर डेक्कन क्वीनमधून पुण्याला परतणारे संधिवाताचे रुग्ण रोज संध्याकाळी कर्जत सुटल्यावर कळवळले असते. तसं कुणी सांगत नाही. त्यामुळे एकट्या दाबावर मी फार भरवसा ठेवत नाही. दाब हा येणाऱ्या वादळी हवेची खूण असेल, दुखण्याचं कारण दुसरंच असेल.

दमटपणाची अडचण वेगळी आहे. सांधा शरीराच्या आत, कायम ओलसर. बाहेरची आर्द्रता तिथवर पोचणार कशी? इथे मला आपल्या पावसाळ्यातलं घर आठवतं. कपडे चार दिवस वाळत नाहीत, गादीला ओल लागते, रात्री झोप तुटक होते. निसरड्या रस्त्याच्या भीतीने सत्तरीच्या माणसाचं सकाळचं फिरणं जूनमध्ये थांबतं ते थेट नवरात्रापर्यंत. गुडघ्याचा भार पेलणारे मांडीचे स्नायू वापरात राहिले नाहीत तर काही आठवड्यांतच ढिले पडतात आणि गुडघा जास्त दुखायला लागतो. मँचेस्टरने हालचालीचा हिशेब धरला होता हे खरं, पण तो लोकांनी स्वतः सांगितलेल्या हालचालीचा, आणि तोही पावसात छत्री घेऊन बाहेर पडणाऱ्या ब्रिटनमधला. चार महिने घरात बसण्याचा परिणाम रोजच्या तुलनेत पकडता येत नाही. म्हणून ‘पावसात गुडघे दुखतात, आता दिवाळीनंतर फिरू’ या बेताला माझा विरोध आहे. घरातल्या घरात, खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचे व्यायाम याच महिन्यांत जास्त लागतात.

हवापालट करून गाव सोडावं का, असंही कोकणातली माणसं विचारतात. देशावरची कोरडी हवा मानवेल, अशी आशा असते. अमेरिकेत १९९५ साली सान दिएगो, नॅशव्हिल, बॉस्टन आणि वूस्टर या शहरांतल्या ५५८ रुग्णांची तुलना झाली होती. उबदार, सौम्य हवेच्या सान दिएगोतल्या रुग्णांचं दुखणं कमी नव्हतं. हवेच्या बदलाचा त्रास होतो अशी तक्रार तर तिथे उलट जास्त होती. शरीर जिथे राहतं तिथल्या हवेला सरावतं आणि मग तिथले लहान बदलही जाणवू लागतात, असा याचा अर्थ लावला गेला. गुडघ्यासाठी रत्नागिरीचं घर विकून सोलापूरला जाण्याचा सल्ला मी तरी देणार नाही.

आता त्या नुकसानीबद्दल. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे लोक ज्याला आमवात म्हणतात तो, पुरुषांपेक्षा बायकांत दुप्पट-तिप्पट आढळतो आणि ऐन उमेदीत सुरू होऊ शकतो. दोन्ही हातांची बोटं सकाळी आखडतात, तासभर मोकळी होत नाहीत, सांध्यांवर सूज दिसते. झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात जातो, इथे जात नाही. सुरुवातीच्या तीन ते सहा महिन्यांत मेथोट्रेक्सेटसारखी औषधं सुरू झाली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. पण ही सूज जुलैत सुरू झाली की घरात सगळे म्हणतात, ‘ओल बाधली असेल, ऊन पडलं की बरं वाटेल.’ तेल चोळलं जातं, शेक दिला जातो. पाऊस सरतो, थंडी येते, आता थंडीला बोल लावला जातो. तीन ते सहा महिने असेच जातात, आणि ते परत मिळत नाहीत. हवेला दोष देण्याची सवय इतकी महागात पडते, म्हणून हा प्रश्न मला नुसत्या कुतूहलाचा वाटत नाही.

पावसाळ्यातल्या सांधेदुखीचं दुसरं कारण चिकनगुनिया. बार्शीत १९७३ साली त्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं तो देशात जवळजवळ विस्मरणात गेला, आणि २००६ साली परतला तेव्हा देशभर १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप आठवड्यात उतरला, पण मनगटं, घोटे आणि गुडघे महिनोन्महिने धरलेले राहिले. त्या वर्षी आणि नंतरही कितीतरी जणांनी ते दुखणं दमट हवेच्या नावावर टाकलं. ते दुखणं डासाने दिलेलं होतं, साठवलेल्या पाण्यावर वाढणाऱ्या डासाने.

आपल्याला स्वतःला हवा बाधते का, हे तपासायला ॲपची गरज नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज झोपताना दुखण्याला शून्य ते दहांपैकी एक आकडा द्यायचा, आभाळाचा विचार न करता. हवेची नोंद आपण करायची नाही, ती हवामान खात्याकडे असतेच. तीन-चार महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवायचे, आणि ते काम शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणी करायचं. संबंध दिसला तर त्याचा उपयोग आहे. दमट दिवसांच्या आधी औषधांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवता येतात, जड कामं पुढे ढकलता येतात. नाही दिसला, तर एक भीती कमी होते.

वर आलेले मोठे अभ्यास ब्रिटन, नेदरलँड्स, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले आहेत. ब्रिटनमधली दमट हवा बहुतेक वेळा गारही असते, त्यामुळे त्रास ओलीचा की गारठ्याचा हे तिथल्या आकडेवारीतून सोडवणं कठीण जातं. युरोपातल्या त्या सहा देशांच्या अभ्यासातही दमटपणाचा परिणाम थंड हवेतच जास्त दिसला होता. महाराष्ट्रात हे दोन्ही वेगळे असतात. आणि असं काम इथे होऊ शकतं, हे पुणे जिल्ह्यातल्या भिगवणने दाखवलं आहे. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने तिथे गावातलेच स्वयंसेवक घरोघर गेले, चार हजारांवर प्रौढांना सांध्यांबद्दल विचारलं आणि सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं दुखणं असल्याचं नोंदवलं. जुलैतली रत्नागिरी दमट असते पण गार नसते, डिसेंबरातलं नागपूर गार असतं पण तितकं दमट नसतं. या दोन ठिकाणच्या हजारेक माणसांनी वर्षभर रोज रात्री एक आकडा लिहिला आणि त्यांच्या झोपायच्या खोलीतली आर्द्रता मोजली गेली, तर ओल आणि गारठा सुटे करून पाहता येतील.